पोलादाची बांगडी
रबर पोलादाला झिजवते, हे सांगून कुणाला खरे वाटायचे नाही. पण वडिलांच्या अँबॅसिडरचे ऑइल सील दोनदा बदलूनही तेल गळतच राहिले, आणि घरात भंगारवाल्याचे नाव निघू लागले!

१४८९ सी.सी.च्या त्या इंजिनात सीलचा ओठ क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावरील पुलीच्या मानेवर टेकतो. ओठात धूळ रुतते आणि तीच कानशीचे काम करते. आमच्या पुलीवरची खाच नखाला लागत होती. उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ सालीच थांबलेला. मग मिस्त्रींनी मानेवर चढवायची पोलादी बांगडी आणली. जाडी अवघी ०.२८ मिलिमीटर, म्हणून सील जुन्याच मापाचे चालते. ती तिरकी बसली की संपलेच! वाटीसारखी टोपी ठेवून त्यांची हलकी ठाकठोक चहा निवेपर्यंत चालली होती.