मोडका शार्क आणि कोसळणारी शहरं

1974 साली अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यालगतच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर एका चित्रपटाचं युनिट महिनोन्‌महिने अडकून पडलं होतं. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग तेव्हा 27 वर्षांचा. 55 दिवसांत उरकायचं ठरलेलं चित्रीकरण 159 दिवसांवर गेलं, खर्च ठरल्याच्या दुपटीवर गेला, आणि या उशिराचं एक मोठं कारण होतं एक यंत्र. चित्रपटासाठी बनवलेला यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात उतरवला की बिघडायचा. युनिटमध्ये त्याला ब्रूस म्हणत. ब्रूस चालला तर त्या दिवशीचं काम व्हायचं, नाहीतर सगळे ताटकळत बसायचे.

शार्कच धड चालत नसेल तर शार्कचा चित्रपट करायचा कसा? स्पीलबर्गने शार्क दाखवण्याऐवजी त्याच्या येण्याच्या खुणा दाखवायला सुरुवात केली. 'जॉज'मधलं धक्क्यावरचं दृश्य आठवून पाहा. रात्रीची वेळ. दोन माणसं मांसाचा मोठा तुकडा आकड्याला अडकवून, आकड्याची साखळी लाकडी धक्क्याला बांधून बसली आहेत. साखळी सरसरत जाते, ताणली जाते, आणि धक्क्याचं टोकच उखडून एका माणसासकट समुद्रात ओढलं जातं. तो पाण्यात पडतो. तुटलेला धक्का समुद्रात आत दूर जात राहतो, थांबतो, आणि मग सावकाश वळून त्या माणसाच्या दिशेने यायला लागतो. शार्क कुठेच दिसत नाही. दिसतात ती पाण्यावरून येणारी लाकडं आणि जिवाच्या आकांताने पोहणारा माणूस. अख्खा शार्क पडद्यावर नीट येतो तो चित्रपट सुरू होऊन तासाहून अधिक वेळ गेल्यावर. तोवर संगीतकार जॉन विल्यम्सच्या दोन सुरांनी प्रेक्षकाचे पाय खुर्चीवर घ्यायला लावलेले असतात.

उन्हाळी अ‍ॅक्शन चित्रपटांवर माझं मनापासून प्रेम आहे, आणि त्या प्रेमाचं कारण मला या दृश्यात सापडतं. या चित्रपटांची ताकद अडचणीतून येते. अडचण पडद्यावरच्या माणसाची, आणि चित्रपट बनवणाऱ्याचीही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पैसा आणि संगणक यांनी बनवणाऱ्यापुढची जवळजवळ प्रत्येक अडचण दूर केली. नेमकं तेव्हापासून यातल्या कितीतरी चित्रपटांतलं वजन हरपलं.

मुळात हा हंगाम जन्माला आला तोही योगायोगाने नाही. अमेरिकेतल्या थिएटरांना एके काळी उन्हाळा म्हणजे मंदी होती. बंद सभागृहात घामाघूम होत बसायला कोण येणार? 1925 साली न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरमध्ये विलिस कॅरियरच्या कंपनीने वातानुकूलन यंत्रणा बसवली आणि लोक गारव्यासाठीही तिकीट काढू लागले. तरीही मोठ्या चित्रपटांची रीत बराच काळ तीच राहिली: आधी मोजक्या शहरांत लावायचा, बोलबाला होऊ द्यायचा, मग हळूहळू गावोगाव न्यायचा. 'जॉज'ने ही रीत मोडली. 20 जून 1975 रोजी तो अमेरिकेत एकाच दिवशी चारशेहून अधिक थिएटरांत लागला, आणि त्याआधी देशभरच्या टीव्हीवर जाहिरातींचा मारा झाला होता. शाळा बंद, मुलं मोकळी, समुद्रकिनारे भरलेले, आणि चित्रपट समुद्रात न उतरण्याविषयी! दोन वर्षांनी, 25 मे 1977 रोजी, 'स्टार वॉर्स' अवघ्या 32 थिएटरांत लागला तरी रांगा हटेनात. मे ते ऑगस्ट हा मोठ्या गल्ल्याचा हंगाम, हे तेव्हापासून पक्कं झालं.

आपल्याकडे हे वेळापत्रक तिरकं बसतं. मेमधले चित्रपट आपल्या सुट्टीत सापडतात, पण जून-जुलैचे येतात ते शाळा उघडल्यावर, धो धो पावसात. शिवाय बराच काळ ते अमेरिकेनंतर कितीतरी महिन्यांनी यायचे आणि मुंबईतलं रीगल, स्टर्लिंग किंवा पुण्यातलं अलका अशा ठरावीक थिएटरांत लागायचे. जून 1993 मध्ये अमेरिकेत आलेला 'जुरासिक पार्क' 1994 मध्ये हिंदीत डब होऊन आपल्याकडे आला आणि इंग्रजीशी फारशी ओळख नसलेला प्रेक्षकही डायनासोर बघायला लोटला. पुढे चक्र इतकं फिरलं की 2012 साली 'द अ‍ॅव्हेंजर्स' अमेरिकेच्या आठवडाभर आधी भारतात लागला.

'जुरासिक पार्क'ची आठवण काढली की माणसं संगणकाने बनवलेल्या डायनासोरांचीच गोष्ट करतात. दोन तासांहून मोठ्या या चित्रपटात डायनासोर दिसतात ते सगळे मिळून पंधरा मिनिटांच्या आसपास. त्यातलेही बरेच स्टॅन विन्स्टनच्या कार्यशाळेत बनवलेले, हाताला लागणारे यांत्रिक प्राणी. आणि सगळ्यांच्या मनात घर केलेलं दृश्य तर पाण्याच्या पेल्याचं. टी-रेक्सची पावलं जवळ येतात आणि पेल्यातल्या पाण्यावर गोल वलयं उमटतात. त्या वलयांसाठी गाडीच्या डॅशबोर्डखाली गिटारची तार लावून ती छेडली होती. प्राण्याचं वजन आपल्याला कळतं ते त्या पेल्यातून.

'डाय हार्ड' (जुलै 1988) वेगळ्या कारणासाठी पुन्हा पुन्हा पाहावा. लॉस एंजेलिसमधली एक उंच इमारत, त्यातले काही मजले अजून बांधकामात, आणि आत अनवाणी अडकलेला एक पोलीस. दिग्दर्शक जॉन मॅकटियर्नन पहिल्या अर्ध्या तासात आपल्याला ती इमारत अशी फिरवून दाखवतो की लिफ्ट कुठे, जिना कुठे, ओलीस कुठल्या मजल्यावर, हे आपसूक पाठ होतं. त्यामुळे पुढे कोण कोणाच्या किती जवळ आलंय ते प्रेक्षकाला पात्रांच्या आधी कळतं. पायात बूट नाहीत ही बारीकशी गोष्ट सुरुवातीला सहज पेरलेली असते. खलनायक काचा फोडायचा हुकूम देतो तेव्हा ती उगवते. ब्रूस विलिस पायातून काचा उपसतो त्या दृश्यात मारामारी अजिबात नाही, तरी थिएटरभर लोक तोंड वेडंवाकडं करतात.

जॉर्ज मिलरचा 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' (मे 2015) हा माझ्या मते या शतकातला या प्रकारचा सर्वोत्तम चित्रपट. कथा चार ओळींत संपते: वाळवंटातून गाड्या पळतात, आणि मग त्याच रस्त्याने परत येतात. मिलरने रूढ पटकथेपेक्षा सुमारे 3500 रेखाचित्रांवर भर दिला. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या वैराण माळावर चित्रीकरण ठरलं होतं, पण तिथे इतका पाऊस झाला की माळ फुलांनी भरून गेला, म्हणून सगळा लवाजमा नामिबियाच्या वाळवंटात हलला. तिथे धावत्या गाड्यांवर उंच खांब रोवले गेले आणि त्यांच्या टोकाला खरी माणसं लटकली. खांब एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर झुकतो आणि माणूस वरून खाली येऊन कुणाला तरी उचलून नेतो, हे बघताना पोटात खड्डा पडतो.

चित्रीकरण जमलं सुमारे 480 तासांचं. ते दोन तासांत बसवलं संकलक मार्गारेट सिक्सेलने. जवळपास 2700 तुकडे, म्हणजे एक तुकडा सरासरी तीन सेकंदही टिकत नाही. एवढ्या वेगात एरवी प्रेक्षकाचं डोकं गरगरतं. इथे तसं होत नाही, कारण मिलरने कॅमेऱ्यामागच्या लोकांना सांगून ठेवलं होतं की बघायची गोष्ट चौकटीच्या मध्यभागीच ठेवा. तुकडा बदलला तरी नजर जागची हलवावी लागत नाही. वेगवान संकलनालाच नावं ठेवणाऱ्यांनी हा चित्रपट बघावा. 'ट्रान्सफॉर्मर्स' मालिकेत मायकेल बे तेवढ्याच घाईने दृश्यं बदलतो, आणि तिथे धातूच्या ढिगातून कुठला हात कोणाचा हेच समजत नाही. दोष घाईचा नाही. बघणाऱ्याच्या नजरेची फिकीर न करण्याचा आहे.

आता या चित्रपटांचं जे मला सर्वांत खुपतं, त्याकडे येतो. त्याचा एक धागा आपल्याशी जोडलेला आहे. 'इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम' मे 1984 मध्ये आला. कथा भारतात घडते, पण पटकथेतल्या भारताच्या चित्रणामुळे इथे परवानगी मिळेना, म्हणून बाहेरची दृश्यं श्रीलंकेत चित्रित झाली. कालीमातेची पूजा करणारा नरबळीचा पंथ, मेजवानीत माकडाचे मेंदू, हे सगळं पाहून आपल्याकडे संताप झाला आणि तो रास्तच होता. अमरीश पुरींसारखा मुंबईच्या रंगभूमीवर घडलेला ताकदीचा नट जिवंत माणसाच्या छातीतून काळीज काढणाऱ्या मोला रामच्या भूमिकेत खर्ची पडला.

अमेरिकेत मात्र आरडाओरडा झाला तो वेगळ्याच गोष्टीवरून: मुलांना दाखवायच्या चित्रपटात असं दृश्य कसं? त्यातून 1 जुलै 1984 रोजी पीजी-13 हे नवं प्रमाणपत्र आलं. अशी मधली पायरी आणा असं सुचवणाऱ्यांत स्पीलबर्ग स्वतःही होता. तेराखालच्या मुलांच्या पालकांना इशारा, पण दारात कोणाला अडवायचं नाही. शाळकरी प्रेक्षक हातचा जाऊ नये म्हणून स्टुडिओ याच प्रमाणपत्राच्या मागे लागले. आणि त्याच्या चाळणीत रक्त अडकतं, मृत्यू अडकत नाहीत. कितीही माणसं मारा, फक्त लाल रंग कमी दाखवा.

परिणाम म्हणजे 'मॅन ऑफ स्टील' (जून 2013). शेवटी सुपरमॅन आणि खलनायक झॉड एका महानगराच्या टोलेजंग इमारती एकामागून एक पाडतात. आत माणसं असणारच, पण पडद्यावर धूळ आणि काचा दिसतात, प्रेतं जवळपास नाहीतच. हा प्रश्न पुढच्या चित्रपटालाही टाळता आला नाही. 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'ने 2016 मध्ये तोच विध्वंस सुरुवातीलाच खाली रस्त्यावर उभ्या माणसाच्या नजरेतून दाखवला. ती काही मिनिटं त्या चित्रपटातली सर्वांत चांगली आहेत. पण एकूण हंगामाचं वळण बदललं नाही. आकाशात भोक, त्यातून झुंड, खाली शहर जमीनदोस्त. पायात घुसलेल्या एका काचेने जे साधलं ते अख्ख्या शहराच्या नाशाने साधत नाही. मुलांना हिंसा दाखवू नये असं ज्यांना वाटतं त्यांनी याचा विचार करायला हवा: वेदना वगळून दाखवलेला संहार मुलांच्या डोळ्यांना अधिक सोयीचा आहे का?

दुसरं दुखणं कामाच्या पद्धतीचं. मोठे स्टुडिओ कित्येक वर्षं आधी प्रदर्शनाची तारीख जाहीर करतात, कधी तर चित्रपटाचं नावही ठरलेलं नसताना. तारीख हलत नाही, म्हणून शेवटच्या महिन्यांतल्या बदलांचा सगळा भार व्हीएफएक्सवाल्यांवर, म्हणजे संगणकावर दृश्यं घडवणाऱ्यांवर पडतो. त्यांचे ठेके बहुधा ठरावीक रकमेचे. दृश्य दहा वेळा बदललं तरी पैसे तेवढेच. फेब्रुवारी 2013 मध्ये 'लाइफ ऑफ पाय'चा वाघ घडवणारी ऱ्हिदम अँड ह्यूज ही कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि काही दिवसांतच त्याच कामाला ऑस्कर मिळालं. पुरस्कार स्वीकारणारा बिल वेस्टनहोफर मंचावरून कंपनीच्या हलाखीविषयी बोलू लागला तेव्हा वाद्यवृंदाने 'जॉज'ची धून वाजवून त्याला थांबवलं आणि माइक बंद झाला.

त्या कंपनीचे स्टुडिओ मुंबईत आणि हैदराबादलाही होते. मुंबईत आज हॉलिवूडचं हे काम करणारी मुलं-मुली मोठ्या संख्येने आहेत. त्यातलं पहिल्या पायरीचं काम म्हणजे रोटो. नटाला पार्श्वभूमीपासून वेगळं करायचं म्हणून त्याच्या कडेकडेने रेषा आखायची, केसाच्या बटेसकट. एका सेकंदाच्या 24 चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत ती बट थोडी हललेली. दहा सेकंदांच्या दृश्याला 240 चौकटी. पडद्यावर इमारत कोसळते तेव्हा तिच्यापुढे धावणाऱ्या माणसाची कड अशी कुणीतरी रात्र जागून कोरलेली असते. त्या दृश्याला मी पोकळ म्हणतो तेव्हा माझी तक्रार या हातांविषयी नसते.

सप्टेंबर 2023 मध्ये मार्व्हल स्टुडिओच्या व्हीएफएक्स कामगारांनी एकमताने संघटना स्थापन करण्याच्या बाजूने मत दिलं. एप्रिल 2025 मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीने स्टंटसाठी स्वतंत्र पुरस्कार जाहीर केला. 2027 मध्ये येणाऱ्या चित्रपटांपासून तो मिळेल. 'फ्युरी रोड'ला सहा ऑस्कर मिळाले होते: संकलन, निर्मिती संकल्पना, वेशभूषा, रंगभूषा आणि ध्वनीचे दोन. धावत्या गाड्यांवरच्या खांबांना लटकलेल्या माणसांसाठी त्या वर्षी विभागच नव्हता.