तडा जातो तरी कुठल्या दिशेने?

खडूची दोन्ही टोकं धरून वाकवा. कट्कन मोडेल आणि मोडलेला भाग जवळपास सपाट असेल. आता दुसरा खडू ओला टॉवेल पिळतो तसा पिळा. तोही मोडेल, पण मोडलेला भाग मळसूत्रासारखा वळलेला दिसेल, खडूच्या लांबीशी साधारण ४५ अंशांत. करून बघाच!

असं का? ठिसूळ पदार्थ दाब बराच सोसतो, ओढ मात्र फार कमी. पिळताना सर्वांत जास्त ओढ ४५ अंशांत तिरकी लागते आणि तडा तिला काटकोनात जातो.

तड्यावर भार तीन प्रकारे येतो. मोड १ मध्ये तड्याच्या दोन बाजू एकमेकींपासून दूर ओढल्या जातात. मोड २ मध्ये त्या तड्याच्या दिशेतच पुढे-मागे सरकतात. मोड ३ मध्ये कागद फाडताना होतं तशा आडव्या सरकतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा यांचं मिश्रण असतं.

तडा वाढेल का, याचा ऊर्जेचा हिशोब ग्रिफिथने १९२१ मध्ये मांडला. पण मिश्र भारात तो वळेल कुठे? १९६३ मध्ये एर्दोगान आणि सिह यांनी सोपा नियम दिला: तड्याच्या टोकाभोवती ज्या दिशेला त्याला उघडणारा ताण सर्वाधिक, तिकडे तो जातो. या नियमानुसार निव्वळ मोड २ असेल, तर तडा सरळ न जाता सुमारे ७०.५ अंशांनी वळतो. म्हणजे भार सरकवणारा असला, तरी तडा उघडण्याचीच वाट शोधतो.

याने काय फरक पडतो? कोयना धरण बघा. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात या १०३ मीटर उंच धरणाला वरच्या भागात, जिथे उतार एकदम बदलतो तिथे, तडे गेले. पाण्याचा दाब, स्वतःचं वजन आणि हादरे, सगळं एकदमच. धरण टिकलं आणि नंतर ते मजबूत केलं गेलं.

आता समजा, असा तडा धरणाच्या आरपार गेला. तो आडवा असेल, तर पाणी ढकलत असलेल्या वरच्या भागाला मुख्यतः घर्षणच अडवणार. पण तो जलाशयाकडे खाली उतरत गेला असेल, तर वरच्या भागाला सरकण्यासाठी चढ चढावा लागेल. म्हणून तडा गेला की नाही, एवढं विचारून भागत नाही. तो कुठे वळला, हेही विचारावं लागतं.