पहिल्या प्रश्नाला उत्तर देणारी संस्था

‘ग्नोम’ हा लिनक्स संगणकावरच्या खिडक्या, मेनू आणि बटणं घडवणारा मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प. २००६ साली ‘गूगल समर ऑफ कोड’ या उन्हाळी उपक्रमासाठी त्याच्याकडे १८१ अर्ज आले. त्यात एकाही मुलीचा अर्ज नव्हता. मग प्रकल्पातल्या काही जणांनी खास मुलींसाठी उन्हाळी योजना जाहीर केली. ‘इथे शिकायला मिळेल, सोबत मार्गदर्शक असेल’ असं जाहिरातीत ठळकपणे सांगितलं. सहा जागांसाठी शंभर अर्ज आले. मुली होत्याच, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

ही योजना पुढे काही वर्षं थंडावली. रेड हॅट कंपनीत अभियंता असलेल्या मरीना झुराखिन्स्काया यांनी ती नव्याने उभी केली आणि डिसेंबर २०१० मध्ये आठ जणींची पहिली तुकडी कामाला लागली. २०१३ मध्ये लिनक्सचा गाभा, म्हणजे ‘कर्नल’, घडवणारा प्रकल्पही तिच्यात सामील झाला. २०१५ मध्ये योजना ‘सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी’ या संस्थेच्या छत्राखाली आली आणि तिचं नाव ‘आउटरीची’ झालं. आता ती केवळ स्त्रियांपुरती नाही. आपापल्या देशातल्या तंत्रज्ञान क्षेत्रात भेदभाव सोसणाऱ्या, संख्येने कमी असलेल्या कुणालाही अर्ज करता येतो.

आउटरीचीची खरी कमाई तिच्या कार्यपद्धतीत आहे. प्राथमिक अर्ज मंजूर झाला की उमेदवार एखादा प्रकल्प निवडतो आणि इंटर्नशिप मिळण्याआधीच त्यात छोटं, पण खरं काम करतो. कर्नलमध्ये येणाऱ्यांना सुरुवातीला ‘स्टेजिंग’ विभागातल्या ड्रायव्हरांचा कोड नीटनेटका करायला देतात: चुकलेली मोकळी जागा, वाढलेली ओळ, नको असलेला कंस. काम किरकोळ दिसतं. पण त्या निमित्ताने कोड उतरवून घेणं, बांधणं, बदल पॅचच्या रूपात पाठवणं, जाणकाराने काढलेल्या चुका सुधारून तोच पॅच पुन्हा पाठवणं, हा सगळा रस्ता एकदा पायाखालून जातो. मोठ्या प्रकल्पात नवा माणूस अडतो तो बहुतेकदा याच रस्त्यावर. इथे प्रत्येक कामाला मेंटॉर नेमलेला असतो, म्हणून ‘हे कुणाला विचारू?’ हा प्रश्न उरत नाही.

निवड झाल्यावर तीन महिने घरबसल्या काम आणि ७,००० डॉलर स्टायपेंड. हा पैसा महत्त्वाचा आहे. फुकट काम करायची ऐपत ज्यांच्या घरात असते तेच अन्यथा मुक्त सॉफ्टवेअरमध्ये टिकतात. इंटर्नने अधूनमधून आपल्या कामाविषयी जाहीरपणे लिहायचं असतं. त्यातला एक ठरलेला विषय आहे, ‘अडखळतात सगळेच’. आपण कुठे अडलो आणि त्यातून कसे सुटलो, हे सांगायचं. ‘हेही येत नाही?’ या एका वाक्याने किती मुलं गप्प होतात, हे आपल्याकडच्या कुठल्याही कॉम्प्युटर लॅबमध्ये दिसतं. मराठी माध्यमातून येऊन इंग्रजीत प्रश्न विचारणाऱ्या मुलीला तर शंका आणि भाषा अशी दोन्ही ओझी उचलावी लागतात. अडखळणं हा कामाचाच भाग आहे, असं संस्थेनेच सांगितलं की त्यातलं एक तरी हलकं होतं.

२०१३ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने या योजनेला सामाजिक हिताच्या प्रकल्पासाठीचा पुरस्कार दिला. मरीना २०२२ मध्ये गेल्या. आजवर हजाराहून अधिक इंटर्न या वाटेने आत आले आहेत आणि त्यांत भारतातल्या अनेक जणी आहेत. काही जुने इंटर्न पुढे स्वतःच मेंटॉर झाले.

आउटरीचीच्या वर्षाला दोन तुकड्या निघतात. भारतातल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मे ते ऑगस्टची तुकडी सोयीची. तिचे अर्ज बरेच महिने आधी सुरू होतात. पात्र असाल तर अर्ज जरूर करा. आणि तुम्ही एखाद्या प्रकल्पात, कंपनीत किंवा महाविद्यालयात आधीच स्थिरावलेले असाल, तर नवख्यांच्या शंकांसाठी एक माणूस नेमा आणि त्याचं नाव सगळ्यांना कळवा. त्यासाठी डॉलर लागत नाहीत.