वृद्धांचे निवेदन आणि बोलींचा अभ्यास

मानव्यविद्यांचे समाजास प्रयोजन काय, या प्रश्नास संस्कार, अभिरुची, सहिष्णुता अशी उत्तरे देण्याचा प्रघात आहे. ती उत्तरे खोटी नव्हेत. परंतु इतकी व्यापक आहेत की त्यांची परीक्षाच करता येत नाही. येथे यावल तालुक्यातील एक मर्यादित, पण परीक्षेस उतरू शकेल असा विषय विचारार्थ घेतला आहे.

या तालुक्याच्या दक्षिणेस तापीकाठची केळीची बागायत असून तेथे मुख्यतः लेवा बोली ऐकू येते. उत्तरेस सातपुड्याच्या उतारावर पावरा, भिल्ल व तडवी यांची वस्ती आहे. कार्यालयाची भाषा मात्र दोहोंकडे प्रमाण मराठी. हे अंतर एरवी केवळ कुतूहलाचा विषय ठरले असते. परंतु २००६ च्या वनहक्क अधिनियमाने त्याला वेगळेच महत्त्व आणून दिले. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीस तीवरील हक्क सांगता येतो, आणि २००८ च्या नियमांतील तेराव्या नियमाने स्वीकारलेल्या पुराव्यांत दावेदाराखेरीज अन्य वृद्धांचे ‘लेखनिविष्ट केलेले निवेदन’ही आहे. एकाहून अधिक पुरावे लागतात हे खरे. तथापि ज्याच्यापाशी कागद नाही, त्याला हा आधार मोठा आहे.

आता ‘लेखनिविष्ट करणे’ म्हणजे काय? एखादा वृद्ध सांगतो की, १९७२ च्या दुष्काळात अमक्याच्या बापाने नाल्याकाठी बांध घातला आणि तो आपण स्वतः पाहिला. या एका वाक्यात काल आहे, कर्ता आहे, स्थळ आहे आणि साक्षीचे स्वरूपही आहे. लेखनिकाने त्याऐवजी ‘सदर जमिनीवर पूर्वीपासून वहिवाट आहे’ असे ठरीव वाक्य लिहिले, तर ते कोणत्याही दाव्यास लागू पडेल आणि म्हणूनच कोणताही दावा सिद्ध करणार नाही. असत्य काहीच लिहिले गेले नाही. पुरावा मात्र गेला.

स्थलनामांची गोष्ट याहून नाजूक. लेवा बोलीत प्रमाण मराठीतील ‘ळ’च्या जागी पुष्कळदा ‘य’ येतो : ‘डोळा’चा ‘डोया’, ‘मळा’चा ‘मया’. हा नियम ज्याला ठाऊक आहे तो शेताचे नाव अचूक जुळवील. ज्याला नाही तो नकाशात नसलेले नाव लिहून ठेवील. पावरीच्या बाबतीत तर एवढ्या तोडग्याने भागत नाही. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भागात ती भिल्ली भाषांत गणली आहे. तिला बिघडलेली मराठी मानून कान देणारा श्रोता आरंभीच चुकतो.

याच खानदेशातील एक उदाहरण येथे आठवते. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी सोपानदेव व पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवली आणि त्या निवर्तल्यानंतर १९५२ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. टिपणारे त्याच बोलीत वाढलेले होते. ‘डोया’ सुधारून ‘डोळा’ लिहावा, असे त्यांना वाटले नाही. काव्यरसिक यात निष्ठा पाहतील. भाषाभ्यासकास ती लेखनाची योग्य पद्धतीही वाटते.

पदव्युत्तर प्रबंधिकांसाठी येथे भरपूर काम आहे. एकेका गावातील शेतांची, नाल्यांची व देवस्थानांची नावे, नात्यांचे शब्द, साल न सांगता काळ सांगण्याच्या रीती, आणि पाहिलेले व ऐकलेले यांत भेद करणारी वाक्यरचना यांची संकलने व्हावयास हवीत. ती करताना त्या गावचेच शिकलेले तरुण सहकारी असावेत व एक प्रत ग्रामसभेच्या दप्तरी राहावी. मात्र अभ्यासकाने वकिली पत्करू नये. वृद्धाने ‘हे शेत त्यांनी नंतर धरले’ असे सांगितले, तर तेही जसेच्या तसे, त्याच्याच शब्दांत उतरले पाहिजे. आणि खाली मराठी अनुवाद देताना त्यातला ‘नंतर’ गाळता कामा नये.