रूसो, तेओदॉर

(१५ एप्रिल १८१२–२२ डिसेंबर १८६७). फ्रेंच निसर्गचित्रकार व बार्बिझाँ चित्रसंप्रदायाचा अग्रणी. फाँतेन्ब्लोचे अरण्य रंगविणारा आणि त्याच्या संरक्षणासाठी शासनाकडे दाद मागणारा कलावंत म्हणून तो विशेष प्रसिद्ध आहे. जन्म पॅरिस येथे. सुरुवातीस रेमाँ या निसर्गचित्रकाराच्या हाताखाली त्याने शिक्षण घेतले. परंतु पौराणिक प्रसंगांची केवळ पार्श्वभूमी म्हणून निसर्ग योजण्याची रूढ रीत त्याला मानवली नाही. सतराव्या शतकातील डच निसर्गचित्रांचा अभ्यास व प्रत्यक्ष स्थळी बसून केलेली रेखाटने यांतून त्याची शैली घडली. १८३६–४१ या काळात पॅरिसच्या ‘सालाँ’ या अधिकृत प्रदर्शनाने त्याची चित्रे सातत्याने नाकारली. १८४८ च्या क्रांतीनंतर मात्र शासनानेच त्याच्याकडून फाँतेन्ब्लोच्या अरण्याच्या सीमेवरील सूर्यास्ताचे चित्र करवून घेतले. ते लूव्ह्र संग्रहालयात आहे.

फाँतेन्ब्लोचे अरण्य पॅरिसच्या आग्नेयीस सुमारे ५५ किमी. वर असून जुने ओक वृक्ष, वालुकाश्माचे प्रचंड शिलाखंड व उजाड माळ ही त्याची वैशिष्ट्ये होत. रूसो १८४० च्या दशकाच्या अखेरीस अरण्याच्या कडेला असलेल्या बार्बिझाँ या खेड्यात स्थायिक झाला. मीये, दियाझ इ. चित्रकारांचाही तेथे वावर होता. रूसोच्या चित्रांत वृक्ष हाच नायक असतो. खोडाची वळणे, सालीचा पोत, फांद्यांतून झिरपणारा प्रकाश हे सारे तो एखाद्या व्यक्तिचित्राच्या निष्ठेने रंगवी. कित्येक चित्रांवर तो वर्षानुवर्षे काम करीत असे.

याच काळात वनखात्याने माळांवर व तोड झालेल्या जागी पाइन वृक्षांची मोठ्या प्रमाणावर लागवड चालविली होती. अधिकाऱ्यांच्या दृष्टीने हे निकस भूमीचे पुनरुज्जीवन होते, तर चित्रकारांच्या दृष्टीने अरण्याचे रूप नाहीसे करणारा तो एकसुरीपणा होता. शिवाय जुने ओकही तोडले जात होते. या तोडीवर रूसोने १८४७ मध्ये एक चित्र रंगविण्यास घेतले आणि हेरॉदने केलेल्या बालहत्येच्या बायबलमधील कथेवरून त्यास निष्पापांची हत्या असे नाव दिले. ते अपूर्णच राहिले. १८५२ मध्ये त्याने कलावंतांच्या वतीने शासनाकडे निवेदन केले. चित्रकार जेथे काम करीत, ती स्थळे वृक्षतोड व लागवड या दोहोंतून वगळावीत, अशी त्याची मागणी होती. त्यानुसार १८५३ मध्ये सुमारे ६२४ हेक्टर क्षेत्र राखून ठेवण्यात आले. १३ ऑगस्ट १८६१ च्या आदेशाने तिसऱ्या नेपोलियनने सुमारे १,१०० हेक्टर क्षेत्रास ‘कलात्मक’ राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान त्यानंतर अकरा वर्षांनी, १८७२ मध्ये स्थापन झाले. निसर्गसंरक्षणाच्या आधुनिक शासकीय आदेशांत फाँतेन्ब्लोच्या आदेशाचे स्थान म्हणूनच अग्रभागी आहे.

तथापि चित्रासाठी राखलेले अरण्य चित्रासारखेच राहिले नाही. बा-ब्रेओ या भागातील ‘दॉर्म्वार’चे, म्हणजे गुरांच्या विसाव्याच्या जागेचे, चित्र रूसोने रंगविले आहे. असे ओक ऐसपैस पसरत, ते चराई व तोडीमुळे मोकळ्या राहिलेल्या जागी. माणसाचा व गुरांचा हस्तक्षेप थांबताच सावलीत तग धरणारे बीच वृक्ष वाढले. प्रकाशाची गरज असलेली ओकची रोपे मागे पडली आणि अनेक माळही झाडीने झाकले गेले. दृश्य बदलले, पण वठलेल्या व कोसळलेल्या लाकडावर जगणाऱ्या कीटकांना आणि कवकांना या जुन्या राखीव भागांत आश्रय मिळाला. १९५३ मध्ये अरण्यात जैव राखीव क्षेत्रे निर्माण करण्यात आली आणि १९९८ मध्ये या प्रदेशाचा समावेश युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्रांत झाला. सौंदर्यासाठी मागितलेले संरक्षण अशा रीतीने जीवसृष्टीच्या उपयोगी पडले, तर रूसोची चित्रे लोपलेल्या अरण्यरूपाची नोंद ठरली.

बार्बिझाँ येथे त्याचे निधन झाले. तेथील अरण्यात एका शिलाखंडावर रूसो व मीये यांच्या मुखाकृतींचे शिल्पकार शाप्यूने केलेले ब्राँझशिल्प १८८४ मध्ये बसविण्यात आले.