युद्धाचे सात दिवस, साडेतीनशे दिवसांची वाट

खराडीच्या आयटी पार्कात फोनवर बोलता बोलता कुणी मध्येच थांबतं, "एक मिनिट हं, विमान जातंय." लोहगावच्या तळावरून उडालेलं सुखोई डोक्यावरून गर्जत जातं आणि बोलणं पुढे सुरू होतं. आवाज कानांच्या सवयीचा झालाय. आतल्या माणसालाही संध्याकाळी घरी परतायचंय, हे कुणाच्या मनात येत नाही.

फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकरांचं विमानही सुखोईच होतं, त्या काळातलं सुखोई-७. १० डिसेंबर १९७१ ला ते पाकिस्तानात पाडलं गेलं आणि परुळकर युद्धकैदी झाले. सातच दिवसांनी, १७ डिसेंबरला, पश्चिम आघाडीवरच्या तोफा थंडावल्या. परुळकरांना घरी यायला त्यानंतर ३५० दिवस लागले.

लढाई थांबली की कैद्यांना विनाविलंब सोडावं, असं १९४९ चा जिनिव्हा करार सांगतो. पण घोडं अडलं ते पूर्वेकडे. तिथे शरण आलेले सुमारे ९३ हजार पाकिस्तानी कैदी भारताच्या ताब्यात होते. शरणागती भारत-बांगलादेशाच्या संयुक्त फौजेपुढे झाली होती, त्यामुळे बांगलादेशाच्या संमतीवाचून त्यांना सोडायचं नाही, ही भारताची भूमिका. पाकिस्तान तर बांगलादेशाला देशच मानत नव्हता. २ जुलै १९७२ ला सिमला करार झाला, तरी कैद्यांचा प्रश्न लोंबकळतच राहिला.

रावळपिंडीच्या छावणीत परुळकरांनी तारखेची वाट बघणं सोडून भिंतीला हात घातला. रात्री पहाऱ्याची चाहूल घेत कोठडीच्या विटा एकेक करून सैल केल्या. १२ ऑगस्टच्या रात्री, वादळी पावसात, एम. एस. ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांच्यासह ते भोकातून सरपटत बाहेर पडले. कुणी हटकलंच तर परुळकर होणार होते पाकिस्तानी हवाई दलातले 'फिलिप पीटर्स'. बसने पेशावर, पुढे टांगा, मग पुन्हा बस असं करत त्यांनी लंडी कोतल गाठलं. अफगाण सरहद्द आता जेमतेम चार मैल.

तिथे त्यांनी लंडी खान्याची वाट विचारली. नकाशात ते शेवटचं रेल्वे स्टेशन होतं. प्रत्यक्षात तिथली गाडी १९३२ मध्येच बंद झालेली! चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या स्टेशनाची चौकशी करणारे हे कोण परके? संशय आला, तिघेही पकडले गेले. रवानगी लायलपूरच्या तुरुंगात, बाकीच्या साथीदारांकडे. अखेर १ डिसेंबर १९७२ ला सगळ्यांनी वाघा ओलांडलं. परुळकर पुढे ग्रुप कॅप्टन होऊन निवृत्त झाले आणि पुण्यात स्थायिक झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांचं निधन झालं.

वाघ्यावर त्या दिवशी फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे नव्हते. ५ डिसेंबर १९७१ ला शोरकोटवरच्या हल्ल्यात त्यांचं विमान पडलं होतं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. २००७ मध्ये बेपत्ता जवानांचे नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग पाहायला गेले, त्यांत त्याही होत्या. एकेका तुरुंगाच्या नोंदी पाहिल्या आणि तशाच परत आल्या.

परुळकरांचे दिवस निदान मोजता आले.