मूठ सरळ का, जाळी कशासाठी?

सोलापुरात दुनळी बंदूक पाहायला संग्रहालयच गाठायला हवं असं नाही. बँकेच्या दारात, रोकड नेणाऱ्या गाडीपाशी रखवालदाराच्या खांद्यावर ती असते. निवडणुका लागल्या की परवानाधारकांच्या बंदुका पोलिस ठाण्यात जमा होतात, तेव्हा पिकाच्या राखणीसाठी आजोबांनी घेतलेली एखादी 'बारा बोर'ही माळ्यावरून खाली येते. अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार पाहायला गेलेले तर जुन्या हत्यारांपुढून लवकर हलत नाहीत.

बघणाऱ्याचं लक्ष आधी नळ्यांकडे जातं आणि मग पोलादावरच्या नक्षीकडे. जाणकार मात्र दस्ता हातात घेतो. चापाच्या मागे दस्ता जिथे बारीक होतो आणि उजवा हात जिथे बसतो, ती मूठ तो आधी पाहतो. मूठ सरळ आहे की वळलेली, तिच्यावरची चौकड्यांची जाळी बारीक आहे की भरड, यावरून ती बंदूक कोणत्या कामासाठी घडवली हे बरंचसं कळतं. वरवर सजावट वाटणाऱ्या या दोन्ही गोष्टी खरं तर मनगट, घाम आणि लाकडाचे तंतू यांच्या अभ्यासातून आल्या आहेत.

दोन चाप, एक हात

जुन्या दुनळीला बहुधा दोन चाप असतात. पुढचा चाप उजवी नळी उडवतो, मागचा डावी. दोन्ही नळ्या बाहेरून सारख्या दिसल्या तरी आतून सारख्या नसतात. डाव्या नळीचं तोंड किंचित आवळलेलं असतं, त्यामुळे छर्रे दूरपर्यंत एकत्र राहतात. 40 यार्डांवर, म्हणजे साधारण 36 मीटरवर, 30 इंचांचं वर्तुळ आखून बार काढला, तर न आवळलेल्या नळीचे सुमारे 40 टक्के छर्रे त्या वर्तुळात पडतात आणि पूर्ण आवळलेल्या नळीचे सुमारे 70 टक्के. झुडपातून पक्षी उठला की पहिला बार जवळून, उजव्या नळीचा. तो हुकला तर पक्षी तोवर लांब गेलेला असतो, म्हणून दुसरा बार डावीचा.

या दोन बारांच्या मध्ये हात जरासा मागे सरकावा लागतो, कारण मागचा चाप पुढच्यापासून सुमारे इंचभर दूर असतो. इंग्लंडमधल्या कारागिरांनी पक्ष्यांच्या बंदुकीला सरळ मूठ दिली ती याच कारणाने. तिच्यावर हात अडत नाही, सरकतो. शिवाय सरळ मुठीमुळे कोपर थोडं उचललं जातं, दोन्ही हात जवळपास एका रेषेत येतात आणि बंदूक नजरेबरोबर सहज फिरते.

रायफलची गोष्ट वेगळी. तिथे नेम धरून थांबायचं असतं, म्हणून हात एका जागी पक्का बसावा लागतो. त्यासाठी पिस्तुलासारखी खाली वळलेली मूठ आली. ती मनगटाला आधार देते आणि कोपर खाली येऊ देते. पुढे एकाच चापाने दोन्ही नळ्या उडवण्याची सोय झाली, तेव्हा हात सरकवण्याची गरजच संपली आणि वळलेली मूठ दुनळीवरही स्थिरावली. या दोहोंच्या मधली, टोकाला गोल केलेली अर्धी वळलेली मूठ 'प्रिन्स ऑफ वेल्स' नावाने ओळखली जाते.

धक्का आणि लाकडाचे तंतू

32 ग्रॅम छर्रे सेकंदाला 400 मीटर वेगाने पुढे गेले, तर न्यूटनच्या नियमाप्रमाणे तेवढाच संवेग बंदुकीला मागे मिळतो. बंदूक 3.2 किलोची धरली तर तिचा मागे येण्याचा वेग सेकंदाला 4 मीटर होतो. जळलेल्या दारूचा वायू त्यात आणखी भर घालतो. नळ्यांचा अक्ष खांद्यावर टेकलेल्या जागेपेक्षा वर असल्यामुळे हा धक्का सरळ मागे न येता बंदुकीचं तोंड वर उचलतो. तो सगळा ताण बारीक झालेल्या मुठीतून जातो.

दस्त्याची सर्वांत नाजूक जागा हीच. यंत्रणा बसवण्यासाठी लाकूड आतून कोरलेलं असतं, त्यातून स्क्रू आरपार जातो. म्हणून चांगला कारागीर अक्रोडाची फळी निवडताना मुठीच्या जागी तंतू लांबीच्या दिशेने धावतात की नाही हे आधी पाहतो. रंगीत रेषांची नक्षी मागच्या रुंद भागात असली तर हरकत नाही, मुठीत मात्र तंतू सरळच हवेत. वळलेल्या मुठीची अडचण इथेच येते. तिच्या टोकाशी तंतू आडवे तुटतात आणि बंदूक पडली तर तिथलाच टवका उडतो. इंग्रजी सरळ मुठीला खालून चापाच्या कडीची लांब पोलादी पट्टी आत बसवलेली असते. ती मुठीच्या कण्याचंच काम करते.

सोलापूरच्या हवेत लाकडाची परीक्षा अधिकच कडक असते. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी होते, पावसाळ्यात तिच्यात दमटपणा येतो. लाकूड तंतूंच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, आडव्या दिशेने मात्र आकसतं आणि फुगतं. नीट मुरवलेला अक्रोड हा फेर कमी करतो. दस्त्यासाठी अक्रोडाचा मान टिकला, त्यामागे देखणेपणाइतकंच हेही कारण आहे.

जाळी कशी धरून ठेवते?

मुठीवरची जाळी हाताने कापायची तर आधी दोन मुख्य रेषा आखतात. मग दोन दातांच्या हत्याराने पुढच्या रेषा ओढतात. एक दात आधीच्या चरीत चालतो, दुसरा नवी चर पाडतो, त्यामुळे अंतर राखलं जातं. दुसऱ्या दिशेनेही तसंच केलं की लांबट चौकड्या उभ्या राहतात, आणि शेवटी कानशीने त्यांना टोक आणतात. लांबी रुंदीच्या साधारण तिप्पट ठेवतात. चौकडीची लांब बाजू तंतूंच्या दिशेने असल्यामुळे टोकं लवकर झडत नाहीत. जुन्या इंग्रजी कामात टोकं काढत नसत, चौकड्यांचे माथे सपाटच ठेवत.

इंचात किती ओळी हे या कामाचं मोजमाप. साध्या बंदुकीवर 16 ते 18, चांगल्या कामात 22 ते 24, अतिशय नाजूक कामात 30 ते 32. काटकोनी चर पाडली तर तिची खोली दोन ओळींमधल्या अंतराच्या निम्मी येते. म्हणजे 18 ओळींना सुमारे 0.7 मिलिमीटर आणि 32 ओळींना फक्त 0.4 मिलिमीटर. जाळी जितकी बारीक तितकी उथळ. डोळ्यांना ती सुंदर दिसते, पण पकड कमी होते, आणि लाकूड मऊ असेल तर चौकड्या कापतानाच उडतात.

शाळेत आपण शिकतो की घर्षण स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. ते टणक वस्तूंना लागू पडतं. तळव्याची त्वचा मऊ असते. चौकड्यांची टोकं तिच्यात किंचित रुततात, आणि हात घसरायचा तर त्वचेला दर वेळी आपला आकार मोडावा लागतो. या प्रतिकारातूनच पकड येते. दुसरं काम चरींचं. थोड्या ओलाव्याने त्वचा जास्त चिकटते, पण घामाचा थर साचला की तोच वंगण होतो. गुळगुळीत दस्त्यावर हा थर हाताखालीच राहतो. जाळी असली की घाम चरींत उतरतो आणि टोकं कोरडी राहतात.

वर्षानुवर्षांच्या वापराने टोकं झिजतात. मग जात्याला टाकी लावावी तशी जुन्याच चरींतून नवी धार काढतात. 1960च्या दशकात अमेरिकी कारखान्यांनी वेळ वाचवण्यासाठी तापवलेल्या साच्याने जाळी दाबून उठवायला सुरुवात केली. तिच्यात चौकड्या वर येण्याऐवजी आत दबलेल्या असत. नक्षी दिसायची, पण हाताला टोक लागायचं नाही. हातकामाची किंमत तेव्हा गिऱ्हाइकांना नीट कळली.

जवस आणि रतनजोत

दस्त्याची झिलई मात्र आपल्या ओळखीच्या वस्तूंतून येते. चटणीत जाणाऱ्या जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, कारण त्यातलं निम्म्याहून अधिक मेदाम्ल ऑक्सिजनशी लवकर जोडलं जाणारं असतं. तेल पातळ लावायचं, चोळायचं, सुकू द्यायचं आणि पुन्हा लावायचं. लंडनचे कारागीर या तेलात अल्कानेट नावाची मुळी भिजवून लालसर रंग आणत. आपल्याकडे रस्स्याला रंग देणारी रतनजोत त्याच कुळातली.

माळरानावरचा हिशेब

या कारागिरीची दुसरी बाजूही सांगायला हवी. शेजारच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात रॉबर्ट मॅन्सफील्ड या एकट्या इंग्रज अधिकाऱ्याने 1809 ते 1829 या काळात 961 माळढोक मारल्याची नोंद आहे. त्या काळच्या बंदुका तोंडाकडून भरायच्या होत्या. नंतरच्या दुनळीने तेच काम किती सोपं केलं असेल, याची कल्पना करता येते. सोलापूरजवळ नान्नजला 1979मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं. त्याआधी 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने माळढोकाच्या शिकारीचा मार्ग बंद केला होता, आणि तेच योग्य होतं. दुनळीकडे आता कारागिरीचा नमुना म्हणूनच पाहायचं.

तेव्हा घरात परवान्याची जुनी दुनळी असेल तर एवढं करा. ती रिकामी आहे याची परवानाधारक विक्रेत्याकडून खात्री करून घ्या. जाळीत मळ साचला असेल तर जुन्या दातघासणीने तो काढा आणि जवसाच्या तेलाचा हात फिरवून पुसून घ्या. पॉलिश पेपर लावू नका, वॉर्निश तर मुळीच नको, कारण त्याने चरी कायमच्या बुजतात. परवानाधारक वारला असेल तर बंदूक घरात ठेवू नका. ती पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने रीतसर अर्ज करावा. कायद्याचं काम वेळेवर झालं आणि जाळी शाबूत राहिली, तर त्या बंदुकीबरोबर तिच्या कारागिराचं कामही पुढच्या पिढीच्या हाती जाईल.